बापूसाहेबांचा दम

वलगावच्या नाक्यावर दमणी थांबली, तेव्हा बाबांनी बैल सोडले नाहीत. अमरावतीची मोटार यायला वेळ होता, तरी ते कासरा हातात धरूनच बसून राहिले. माझ्याजवळ एक पत्र्याची ट्रंक, एक सतरंजी आणि मायनं बांधून दिलेल्या भाकरी. ट्रंकेत दोन लंगोट, खाकी अर्धी चड्डी, मोजमापाची टेप आणि अमरावतीच्या व्यायामशाळेत दोन वर्षं शिकून मिळवलेला कागद. त्या कागदाच्या जोरावर मी अकोल्याला निघालो होतो, एका वकिलाच्या घरी राहून त्याला व्यायाम शिकवायला. बावीस वर्षांचा होतो.

बाबांना हे काम शेवटपर्यंत कळलं नाही. नाक्यावरसुद्धा त्यांनी तेच विचारलं, जे महिनाभर विचारत होते.

"वावरात राबून अंग होत नाई का? उठ-बस कराले कोणाले मास्तर काहून लागते?"

"शहरातल्या लोकायले वावर नसते, बाबा."

"मंग त्यायले वावर दाखवायचं. तू कायले जातं?"

माय नाक्यापर्यंत आली नव्हती. गावातल्या बाळंतिणींना आणि तान्ह्या पोरांना तीच तेल लावून न्हाऊ घालायची. त्या दिवशीही कुणाकडे तरी पाणी तापलं होतं. घरातून निघताना तिनं माझे दोन्ही पंजे उलटेपालटे करून पाहिले होते आणि म्हणाली होती, "ज्याच्या अंगाले हात लावशीन, त्याले आधी पुसजो, कुठं दुखते. अन् तो सांगन त्याच्यावर जाऊ नोको. तोंड पाहाजो त्याचं."

किसना, माझ्या धाकट्या भावा, तुझ्या मुलांनी मागच्या खेपेला विचारलं, की मोठे बाबा गाव सोडून का गेले आणि गेले तर परत का आले नाहीत. तोंडी सांगता आलं नाही, म्हणून लिहितो आहे. माझ्यासारखे आणखीही पुष्कळ आहेत, कापसाच्या जिनात, रेल्वेत, शाळांत निघून गेलेले. त्यांनीही वाचलं तर बरंच, म्हणून पुढं तुझ्याबद्दलही तुझं नाव घेऊनच लिहितो. ही गोष्ट आपला वऱ्हाड मध्यप्रांतात होता तेव्हाची.

अकोल्यात मोर्णा नदीपासून जवळच बापूसाहेबांचं घर होतं. पुढं कचेरी, मागं अंगण, अंगणात मोठा लिंब. बापूसाहेब चव्वेचाळीस वर्षांचे, उंच, गोरे, खांदे जरा पुढं झुकलेले. घरात त्यांच्या पत्नी बाईसाहेब आणि थोरल्या भावजय, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. मूलबाळ नव्हतं. मला घोडागाडीच्या छपराला लागून असलेली खोली मिळाली आणि नवं नाव मिळालं. गावात मी महादू. इथं पहिल्या दिवसापासून मास्तर झालो.

कचेरीच्या भिंतीवर तीन तसबिरी होत्या. एक पागोटेवाल्या गृहस्थांची, दोन टोपीवाल्या तरुणांची. तिघांचे खांदे सारखेच पुढं झुकलेले. चौथ्या जागी नुसताच खिळा. मी तिकडं पाहतो आहे हे बापूसाहेबांनी पाहिलं.

"वडील, आणि माझे दोघे थोरले भाऊ, अप्पा आणि दाजी," ते म्हणाले. "पंचेचाळिसावं कुणी ओलांडलं नाही. चौथा खिळा मीच मारून ठेवलाय. आमच्या घरात ऐन वेळी हातोडी सापडत नाही."

ते हसले. मीही हसलो, कारण नव्या जागी काय करावं हे कळत नव्हतं.

त्यांना वर्षभरात छाती चार इंच वाढवून हवी होती. मुंबईहून डंबेल्स, स्प्रिंगचा चेस्ट एक्सपांडर आणि एका पिळदार साहेबाचा चार्ट आधीच आला होता. त्या चार्टखालच्या कॅलेंडरवर त्यांनी स्वतःच्या पंचेचाळिसाव्या वाढदिवसाला लाल खूण केली होती. आम्ही उजाडायच्या आत सुरू करायचो. आधी दहा बैठका, पुढं वीस, पाच दंड, मग डंबेल्स. कधी कधी मला वाटायचं, हा माणूस व्यायाम करत नाही, कोर्टात उलटतपासणी घेतो तसा स्वतःच्या शरीराला कोंडीत पकडतो आहे.

अंगणात लिंबाखाली जाड फळ्या टाकून झाकलेला एक चौकोन होता. मला वाटलं जुनी विहीर असेल. एका दुपारी मी एक फळी उचलून पाहिली, तर खाली लाल माती. हळद, ताक घालून मळलेली, आता दगडासारखी वाळलेली. कुस्तीचा हौदा होता तो. ओसरीवर मोठ्या बाई तूर निवडत बसल्या होत्या.

"मास्तर, ठेवा ती फळी," त्या म्हणाल्या. मी ठेवली. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही कुठले?"

"वलगावकडचा."

"तो नागपूरकडचा होता. यांनीही तुमच्यासारखाच एक शिक्षक ठेवला होता. चांगला होता हो. यांना त्यानंच मातीतून उचलून आणलं. इथं, ओसरीवर निजवलं. मग कपडे घ्यायलासुद्धा थांबला नाही, तसाच निघून गेला." त्यांनी सूप पाखडलं. "भावजींना मी काही बोलायचं नाही असं ठरलंय. तुम्हाला बोलले. बस."

भिंतीवरचे दाजी म्हणजे या बाईंचे यजमान, हे मला तेव्हा कळलं.

त्या दिवसापासून मी बापूसाहेबांच्या तोंडाकडे पाहू लागलो. पंधरा बैठकांपर्यंत ते ठीक असायचे. सोळाव्या-सतराव्याला ओठांच्या कडा निळसर व्हायच्या आणि डावा हात आपोआप जबड्याकडे जायचा, दाढ दुखत असल्यासारखा. मी विचारलं तर म्हणायचे, "वात आहे." जिना चढताना मध्येच थांबून खिडकीतून रस्ता पाहायचे. त्या खिडकीतून समोरच्या घराच्या पाठीमागच्या भिंतीशिवाय काही दिसत नव्हतं.

आणि याच दिवसांत माझं नाव होऊ लागलं. वकीलसाहेबांचे दंड भरले, हे कोर्टात सगळ्यांना दिसत होतं. एका जिनाचे मॅनेजर, एक इंजिनियर, एक मामलेदार, सगळ्यांची बोलावणी आली. मास्तर, आमच्याकडेही या. मी कलकत्त्याचे बूट घेतले. घरी कार्ड टाकायचो, की सर्व क्षेम आहे, वकीलसाहेबांची प्रकृती उत्तम आहे. कार्ड वाचून दाखवायचा किसना, आणि बाबा म्हणायचे म्हणे, "पाय, लागलं का नाई पोरगं धंद्याले." त्या प्रत्येक कार्डातली एक ओळ खोटी होती.

शेवटी माघ महिन्यात एकदा मी डंबेल्स उचलून बाजूला ठेवले.

"बापूसाहेब, डॉक्टरले दाखवल्याबिगर मी पुढं शिकवणार नाई."

"दाजींनाही दाखवलं होतं," ते शांतपणे म्हणाले. "डॉक्टर म्हणाले, बिछान्यावर पडून राहा. पडून राहिले असते तर जगले असते का? तू सांग."

"मले नाई माहीत."

"मलाही नाही माहीत. मला झोपून वाट पाहायची नाही, मास्तर. आणि तू गेलास तर उद्या दुसरा येईल. तो तुझ्याइतका माझ्या तोंडाकडे पाहणार नाही."

मी गेलो नाही. पण शिकवणं बदललं. बैठका दहावर आणल्या, दंड बंद केले, श्वास मोजायला आणि हातपाय सैल सोडायला लावलं, सकाळी नदीकाठानं सपाटीवर चालायला नेऊ लागलो. त्यांना फसवल्यासारखं वाटायचं. "हे म्हाताऱ्यांचं आहे," म्हणायचे. "माझी तारीख जवळ येत चालली आहे आणि तू मला फिरायला नेतोस."

वैशाखात किसनाचं लग्न ठरलं. मी आठ दिवसांची सुट्टी मागितली. तारीख त्याच आठ दिवसांत येत होती. मी जाताना म्हटलं, "फक्त चालाचं, बापूसाहेब. तेही ऊन व्हायच्या आधी."

"तू काय माझा वकील आहेस?" ते म्हणाले, आणि स्वतः फाटकापर्यंत पोचवायला आले. याआधी कधी आले नव्हते.

हळदीच्या दिवशी तार आली. किसना, तुला आठवत असेल, तुझ्या अंगाला लावलेल्या हळदीतलीच बोटं माझ्या गालाला पुसलेली होती. तारेत एवढंच होतं, ताबडतोब या. बाबांना वाटलं, मी म्हणेन, लग्न लागल्यावर जातो. मी ट्रंक भरू लागलो.

"तुह्या भावाच्या डोक्यावर अक्षता टाकाले थांबत नाई तू?"

"बाबा, तिकडं माणूस जाते का राहते, असं हाय."

"तो तुहा कोण लागते?"

मी ट्रंकेची कडी लावली. बाबांनी दमणी जुंपली नाही. मी वलगावपर्यंत चालत गेलो.

अमरावतीहून बडनेऱ्याला आलो. तिथं दोन्हीकडच्या गाड्या थांबतात. भर दुपार, फलाटाचे दगड चपलेतून चटके देत होते. नागपूरकडची, अकोल्याच्या उलट दिशेची गाडी आधी आली. मोठ्या बाईंनी सांगितलेला तो शिक्षक माझ्या डोळ्यांसमोर आला. अकोल्यात काय वाढून ठेवलं होतं मला माहीत नव्हतं. प्रेत असेल, पोलीस असतील, किंवा नुसतंच बोट दाखवणारं अख्खं शहर असेल. माझ्यासमोरचा डबा रिकामा होता. दाराशी उभा असलेला एक प्रवासी म्हणाला, "चढो ना भैया." मी ट्रंक उचललीही होती. गाडी सुटली, मी फलाटावरच. का चढलो नाही, हे मला आजही नीट सांगता येत नाही. चांगुलपणा नव्हता तो. घरून अक्षता न टाकता निघालो होतो, ते निदान कशासाठी तरी असावं, एवढंच वाटलं.

बापूसाहेब जिवंत होते. वाढदिवसाच्या सकाळी त्यांनी गड्याकडून फळ्या काढवून घेतल्या, हौद्यातली माती फोडून सारखी करवून घेतली, आणि लंगोट लावून मध्ये उभे राहिले. बैठका मोठ्यानं मोजत होते. मोठ्या बाई ओसरीवर उभ्या राहून ऐकत होत्या. बत्तीसनंतर आकडा ऐकू आला नाही.

डॉक्टरांनी दीड महिना हलू दिलं नाही. बाईसाहेबांनी त्याच दिवशी पक्कड आणून कचेरीतला खिळा उपटला आणि हौद्यात टाकून वरून माती ओढली. मला कुणी बोल लावला नाही. लावला असता तर बरं वाटलं असतं. मी मॅनेजर, इंजिनियर, मामलेदार सगळ्यांना नकार कळवला आणि बापूसाहेबांच्या पलंगाशेजारी बसून त्यांचे पाय चोळू लागलो, माय बाळंतिणींचे चोळायची तसे. ऐन लग्नात मास्तरला तार का दिली, असं त्यांनी बाईसाहेबांना विचारलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू परत येशील असं वाटलं नव्हतं. दाजींचा आला नाही."

दीड महिन्यानं डॉक्टर म्हणाले, थोडं चालायला हरकत नाही, पण बोलता बोलता जितकं चालता येईल तितकंच. त्यातून मला माझी खरी विद्या मिळाली. बापूसाहेबांनी चालताना मला एकेक खटला सांगायचा, मी ऐकायचं. खटल्यात मला रस नव्हता. वाक्य कुठं तुटतं तिकडे कान असायचा. 'मग फिर्यादीनं सांगितलं, की आरोपी त्या दिवशी' आणि इथं दम. दम आला की थांबायचं, झाडाखाली, पाराच्या कठड्यावर, कुठंही. पहिल्या दिवशी फाटकापर्यंतही वाक्य पुरलं नाही. सहा महिन्यांनी ते नदीच्या पुलापर्यंत एका सलग वाक्यात जायला लागले. वकील असल्यानं त्यांची वाक्यं लांब असत, हे माझं नशीब.

पण त्या सुखात रोज एक भीती होती. मला वाक्याच्या मध्ये शांतता ऐकू आली की मी वळून त्यांच्या ओठांच्या कडा पाहायचो. ते नुसतेच विचार करायला थांबले असले तरी. मी कुठं जाईनासा झालो. दिवाळीला नाही, पोळ्याला नाही. गेलो तर एका मुक्कामाचा. माय म्हणायची, "तुह्या डोळ्यात झोप नाई रे." किसनाला पहिला मुलगा झाला, बारसं झालं. कार्डातली खोटी ओळ आता वेगळी झाली होती. पुढच्या महिन्यात येतो.

चार वर्षं अशी गेली. मग कार्तिकात किसनाचं कार्ड आलं: बाबाले दम लागते, खाटेवर आहेत, येऊन जाय.

त्याच आठवड्यात बापूसाहेबांचं वाक्य पुन्हा फाटकाच्या आत तुटू लागलं होतं. मी कार्ड खिशात ठेवलं. पहिल्या दिवशी म्हटलं, उद्या. दुसऱ्या दिवशीही म्हटलं, उद्या. तिसऱ्या दिवशी धुतलेल्या सदऱ्यातून कार्डाचा लगदा निघाला. बाईसाहेबांनी तो बापूसाहेबांना दाखवला. ते चिडले तसे मी कधी पाहिले नव्हते.

"मूर्खा, वडील आहेत ते तुझे. जा. मी या खुर्चीतून उठणार नाही. तू येईपर्यंत एक पाऊल टाकणार नाही. शब्द देतो."

मी पोचलो तेव्हा पेढी नदीच्या काठावरून माणसं परत येत होती. किसना पुढं होता, डोकं भादरलेलं, खांद्यावर ओलं उपरणं. त्यानं मला पाहिलं आणि रस्त्यातच थांबला. मागची माणसंही थांबली. मी त्यांच्याबरोबर घराकडे चालू लागलो, सगळ्यांच्या मागं.

नंतर किसनानं सांगितलं. बाबा आदल्या संध्याकाळपर्यंत बोलत होते. "म्हणाले, महादू आला का? म्या म्हटलं, येऊन राहिला. मंग म्हणाले, आला का त्याले सांगजो, का..." किसना थांबला.

"का काय?"

"बस. तेवढंच. पुढं दम नाई पुरला."

दुसऱ्या माणसाचं वाक्य कुठं तुटतं हे ऐकण्यात मी चार वर्षं घालवली होती. बाबांचं ते वाक्य पुढं काय असेल, हे मी चालताना, जेवताना, अंघोळ करताना पुरं करून पाहतो. रागाचं करून पाहिलं, मायेचं करून पाहिलं. बैलांबद्दलचंही करून पाहिलं. एकही बाबांच्या आवाजात बसत नाही.

तेरावं झालं. निघताना किसना वलगावपर्यंत आला. त्याच्या मनात राग नव्हता, हे मी मुद्दाम लिहितो. तो सरळ मनानं म्हणाला, "दादा, येत जाय. पण कार्ड टाकून येत जाय. किती दिवस राह्यतं तेही लिहीत जाय. म्हणजे तशी सोय लावता येते."

पाहुण्याला म्हणतात तसं म्हणाला. त्याला ते कळलंही नसेल. मी हो म्हटलं.

अकोल्याला बापूसाहेब ओसरीवर त्याच खुर्चीत होते, पाय सुजलेले. "विचार हिला," ते म्हणाले, "पाऊल टाकलं नाही." मग माझ्या भादरलेल्या डोक्याकडे बघून म्हणाले, "भेटले का?"

"नाई."

"माझ्यामुळे," ते म्हणाले.

मी नाही म्हणायला पाहिजे होतं. म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही चाललो तेव्हा ते एक शब्द बोलले नाहीत, आणि त्यांचा दम कुठवर आहे हे मला त्या सकाळी अजिबात कळलं नाही. तरी चाललो.

ते आणखी दोन वर्षं जगले. एका पहाटे फिरायला निघायचं म्हणून बूट घालायला बसले आणि तसेच राहिले. एका बुटाची नाडी बांधलेली, दुसऱ्याची मोकळी. मोठ्या बाईंनी मला हाक मारली. मी आलो, बसलो, मोकळी नाडी बांधली. मग लक्षात आलं, की आता बूट काढायचे असतात.

घर सोडून जा असं मला कुणी म्हणालं नाही. दोन्ही बाईंच्या सांगण्यावरून मी त्याच अंगणात दम लागणाऱ्या, वय झालेल्या माणसांना चालायला शिकवू लागलो. शहरात अजून हसतात काही लोक, चालायलाही मास्तर. मोठ्या बाई शेवटपर्यंत ओसरीवर बसत. मला बाजारातून यायला उशीर झाला, की विचारत, "कुठं होतात एवढा वेळ?" त्या गेल्यावर बाईसाहेब विचारू लागल्या. अकोल्यात माझी वावरभर जमीन नाही, माझ्या रक्ताचं कुणी नाही, पण उशीर इथंच होतो मला. गावी मला उशीर होत नाही. गावी मी कार्डात लिहिलेल्या दिवशी पोचतो.

यंदाही कार्ड टाकलंय, किसना. शुक्रवारी येतो. घरी ज्वारीची भाकर करायला सांग, दुसरं काही नको. मायच्या खाटेजवळ माझं अंथरूण टाक. किती दिवस राहणार ते लिहायला तू दर वेळी सांगतोस. त्या ओळीपर्यंत येऊन मी दर वेळी लेखणी ठेवतो. ते मी अजून एकदाही लिहिलेलं नाही.